शिकाऊ विमान लढाऊ होताना

पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याची कथा सांगणारा ‘टोरा! टोरा! टोरा!’ हा १९७० मधला चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पंखांवर लाल सूर्य रंगवलेल्या झिरो विमानांचे थवे त्यात डोंगरांवरून झेपावत येतात. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण गंमत अशी की, त्या थव्यांमध्ये खरे झिरो विमान एकही नव्हते. युद्ध संपून पंचवीस वर्षे झाली होती, आणि थव्याने उडवता येतील इतकी झिरो विमाने जगात शिल्लकच नव्हती. मग निर्मात्यांनी काय केले? त्यांनी हार्वर्ड विमाने घेतली. म्हणजे ज्या विमानांवर नवशिके वैमानिक धडे गिरवत, तीच विमाने सोंग घेऊन लढाऊ विमाने झाली.

मी वायुदलात फिटर होतो. आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हार्वर्ड विमाने शिकवण्याच्या कामी होती आणि त्यांच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांची देखभाल माझ्या वाट्याला आली. त्यामुळे हार्वर्डला कितीही रंग फासला तरी ते मला आवाजावरून ओळखू येते. त्याचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, इंजिनाच्या दांड्यावर थेट बसवलेला असतो, मध्ये गिअर नाही. पावणेतीन मीटर व्यासाचा हा पंखा मिनिटाला सव्वादोन हजार फेरे घेतो, तेव्हा त्याची टोके सेकंदाला सुमारे ३२० मीटर वेगाने फिरतात. हा वेग आवाजाच्या वेगाच्या अगदी जवळचा आहे. म्हणून हार्वर्ड उड्डाण करताना जी कर्कश किंकाळी फोडते, तशी दुसरे विमान क्वचितच फोडते.

आज मला बोलायचे आहे ते याच विषयावर. दोन आसनांच्या शिकाऊ विमानाचे एका आसनाचे लढाऊ विमान करता येते का? कसे करतात? युद्धात कोणी तसे केले का? आणि आज हौशी मंडळी जुन्या विमानांवर हा प्रयोग करतात, तो कितपत योग्य?

हे मुळात शक्य का होते?

प्रशिक्षणाचे विमान म्हणजे लढाऊ विमानाचे धाकटे भावंड. उद्या ज्याला लढाऊ विमान चालवायचे आहे, त्याला आज तशाच स्वभावाचे पण थोडे क्षमाशील विमान द्यावे लागते. चाके आत घ्यायची सवय हवी, म्हणून या विमानाची चाके आत जातात. पंख्याच्या पात्यांचा कोन बदलायची सवय हवी, म्हणून तीही सोय असते. नेमबाजीचा सराव हवा, म्हणून एखादी मशीनगन बसवायची जागा असते. थोडक्यात, लढाऊ विमानाचे सगळे अवयव त्यात असतात, फक्त ताकद कमी आणि वेग बेताचा.

हार्वर्डचे मूळ अमेरिकेतल्या नॉर्थ अमेरिकन या कंपनीचे. त्या घराण्यातले पहिले विमान १ एप्रिल १९३५ रोजी उडाले. पुढे अमेरिकेत ‘टेक्सन’ आणि ब्रिटिश साम्राज्यात ‘हार्वर्ड’ या नावांनी ही विमाने पंधरा हजारांवर तयार झाली. त्याची बांधणी मोठी सोयीची. कॉकपिटभोवती पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर बाजूचे पत्रे. ते पत्रे काढले की आतले सगळे उघडे. शेपटीकडचा भाग ॲल्युमिनियमचा. पंखाचा मधला भाग वेगळा, त्यात पेट्रोलच्या टाक्या, आणि बाहेरचे दोन पंख त्याला बोल्टच्या रांगांनी जोडलेले. दोन-चार माणसे आणि एक घोडी असली की पंख उतरवता येतो. ज्या विमानाचे भाग असे सुटे होतात, त्यात फेरफार करायला कारागिराला हुरूप येतो.

गाडी उलाळ होते त्याची गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, मागची खुर्ची काढा, मोठे इंजिन बसवा, बंदुका लावा, झाले लढाऊ विमान! इतके सोपे असते तर गोष्ट इथेच संपली असती.

ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना ठाऊक असेल. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. ओझे पुढे जास्त झाले की बैलांच्या मानेवर भार येतो. विमानाचेही तसेच. त्याचा गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीतल्या एका लहानशा पट्ट्यातच राहावा लागतो. पट्ट्याच्या मागे गेला तर विमान अस्थिर होते, नाक वर उचलू पाहते. पुढे गेला तर उतरताना नाक वर उचलतच नाही.

हार्वर्डमध्ये शिकणारा पुढे आणि शिकवणारा मागे बसतो. शिकवणाऱ्याची खुर्ची काढली की मागचे वजन कमी होते. माणूस, त्याची खुर्ची, त्याच्यापुढची घड्याळे, त्याच्या हातातला दांडा, पायातले पट्टे, असे सगळेच जाते. नाकात जास्त ताकदीचे इंजिन बसवले की पुढचे वजन वाढते. म्हणजे दोन्ही बदलांचा परिणाम एकाच दिशेने, विमान पुढे जड. मग वैमानिकाला मागे सरकवा, बॅटरी आणि रेडिओ शेपटीकडे न्या, इंजिन शक्य तितके मागे घ्या, अशी कसरत सुरू होते. शर्यतीसाठी बदललेल्या काही विमानांत वैमानिक जवळजवळ शेपटीला टेकून बसलेला दिसतो, त्याचे एक कारण हेच.

दुसरा प्रश्न ताकदीचा. इंजिनाची ताकद दुप्पट केली की वेग दुप्पट होतो असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो विरोध तोडायला लागणारी ताकद घनाने वाढते. म्हणजे वेग दुप्पट हवा असेल तर ताकद आठपट लागते. ताकद नुसती दुप्पट केली तर वेग चौथ्या हिश्श्याने वाढतो, फार तर थोडा अधिक. बाकीचा वेग मिळवायचा तर पंख आखूड करा, अंग घोटीव करा, म्हणजे हवेचा विरोधच कमी करा.

पंख आखूड केले की तिसरा प्रश्न उभा राहतो. तेच वजन लहान पंखाने पेलायचे, म्हणजे उतरण्याचा वेग वाढला. शिकाऊ विमानाचा क्षमाशील स्वभाव गेला. शिवाय विमानाच्या अंगावर येणारा हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दीडपटीच्या आतबाहेर वाढला तर दाब दुप्पट होतो. म्हणून शेपटी, काच, झाकणे, सगळे नव्याने तपासावे लागते. मोठा पंखा फिरू लागला की उड्डाणाच्या वेळी विमान एका बाजूला ओढ घेते. ती ओढ सावरायला उभे शेपूट बहुधा मोठे करावे लागते.

थोडक्यात, एक खुर्ची काढली की सगळ्या विमानाची बेरीज-वजाबाकी पुन्हा मांडावी लागते. ज्याला हे हिशेब येतात त्यानेच या वाटेला जावे.

ऑस्ट्रेलियाची निकड

हे हिशेब एका देशाला युद्धाच्या तोंडावर मांडावे लागले. तो देश म्हणजे ऑस्ट्रेलिया.

तिथे १९३६ मध्ये कॉमनवेल्थ एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. तिचे प्रमुख लॉरेन्स वॅकेट. मेलबर्नजवळ फिशरमन्स बेंड इथे कारखाना. देशात मोटारींचाही मोठा उद्योग नव्हता, तिथे एकदम लढाऊ विमान कसे बांधणार? वॅकेट यांनी अमेरिकेत जाऊन विमाने पाहिली आणि हार्वर्डच्याच घराण्यातले एक साधे विमान निवडले. ब्रिटिश सोडून अमेरिकन विमान का, म्हणून तेव्हा टीकाही झाली. पण जे आपल्या कामगारांना बांधायला जमेल, ते आधी बांधावे हा त्यांचा विचार होता. त्या विमानाला ‘विरावे’ असे नाव दिले. तिथल्या आदिवासी भाषेत त्याचा अर्थ ‘आव्हान’. पहिले विरावे २७ मार्च १९३९ रोजी उडाले. पुढे अशी ७५५ विमाने तयार झाली.

मग ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बर झाले आणि जपानी सेना वेगाने दक्षिणेकडे सरकली. ऑस्ट्रेलियाची लढाऊ विमाने ब्रिटन आणि अमेरिकेकडून यायची, पण त्या दोघांनाच ती पुरेनात. २० जानेवारी १९४२ रोजी न्यू ब्रिटन बेटावरच्या रबौल इथे शंभराहून अधिक जपानी विमानांनी हल्ला केला. त्यांना अडवायला होती फक्त आठ विरावे. ताशी साडेतीनशे किलोमीटरची शिकाऊ जातीची विमाने ताशी सव्वापाचशे किलोमीटर वेगाच्या झिरोंसमोर गेली. तीन पाडली गेली, दोन आदळत उतरली, आणखी एकाला इजा झाली. सहा जण प्राणाला मुकले. शिकाऊ विमान नुसत्या बंदुका लावून लढायला पाठवले तर काय होते, याचे याहून कडू उत्तर नाही.

फिशरमन्स बेंडमध्ये मात्र त्याआधीच, २१ डिसेंबर १९४१ पासून, एका नव्या आराखड्यावर काम सुरू झाले होते. विचार सरळ होता. विरावेचे भाग बनवायचे साचे, हत्यारे आणि शिकलेले हात कारखान्यात आहेत. ब्यूफोर्ट बॉम्बफेकी विमानांसाठी ट्विन वास्प हे १,२०० अश्वशक्तीचे इंजिन देशातच तयार होते आहे. हे दोन्ही जोडून लढाऊ विमान करायचे. नव्याने काही शोधायला वेळच नव्हता.

आराखडा करणारे मुख्य अभियंता होते फ्रेड डेव्हिड. हे मूळचे ऑस्ट्रियातले ज्यू निर्वासित. त्यांनी आधी जर्मनीत हाइनकेल कंपनीत काम केले होते, नंतर जपानी विमानांच्या आराखड्यांवरही. म्हणजे ज्या शत्रूशी लढायचे, त्याची कामाची पद्धत यांना ठाऊक. आणि सरकारी दप्तरात मात्र हे स्वतःच शत्रुदेशाचे नागरिक! युद्धकाळात असे चमत्कारिक योग येतात.

त्यांनी विरावेचा पंखाचा मधला भाग, चाकांची यंत्रणा आणि शेपटी शक्य तितकी तशीच ठेवली. मधले अंग नवे केले, एका आसनाचे. विरावेची लांबी साधारण साडेआठ मीटर होती, नव्या विमानाची पावणेआठ. पंखांचा पल्ला १३ मीटरवरून ११ मीटरवर आला. सहाशे अश्वशक्तीच्या जागी बाराशे अश्वशक्ती. नव्या इंजिनाचे वजन जुन्यापेक्षा दीडशे किलोच्या आसपास जास्त, म्हणून नाक आखूड आणि बसके. पंखांत २० मिलिमीटरच्या दोन तोफा आणि चार मशीनगन. वैमानिकाच्या पाठीशी चिलखती पत्रा. विमान दिसायला बुटके, जाडजूड, मान नसलेल्या पहिलवानासारखे.

२९ मे १९४२ रोजी केन फ्रेविन यांनी हे विमान पहिल्यांदा उडवले. आराखड्याला सुरुवात झाल्यापासून पाच महिने आणि आठ दिवस! नाव ठेवले ‘बूमरँग’. त्याचा कमाल वेग ताशी सुमारे ४९० किलोमीटर. मघाशी सांगितलेला हिशेब आठवा. ताकद दुप्पट झाली, वेग मात्र ३५४ वरून ४९१ वर गेला, म्हणजे दीडपटीहूनही कमीच. तेही पंख आखूड केले आणि अंग आवळले म्हणून.

एकही विमान न पाडता

एकूण २५० बूमरँग बांधली गेली. त्यांनी किती शत्रुविमाने पाडली? एकही नाही. १९४३ च्या मे महिन्यात जपानी बॉम्बफेकी विमानांशी त्यांची गाठ पडली, पण एकही पाडता आले नाही. पंधरा हजार फुटांवर गेले की इंजिन दमायचे. झिरोचा पाठलाग करायला वेग कमी पडायचा. तोवर परदेशातून किटीहॉक आणि स्पिटफायर विमाने पुरेशी येऊ लागली होती.

कागदावर पाहिले तर हा प्रयोग फसला असेच कोणी म्हणेल. माझे मत तसे नाही. बूमरँगला पुढे वेगळे काम मिळाले, आणि त्या कामात ते चमकले. न्यू गिनी, बोगनव्हिल आणि बोर्निओच्या घनदाट जंगलात खाली झाडांच्या शेंड्यांवरून उडायचे, लपलेला शत्रू हुडकायचा, धुराचे बॉम्ब टाकून जागा दाखवायची. मग मागून न्यूझीलंडची कॉर्सेअर विमाने येऊन त्या धुरावर मारा करायची. या कामाला वेगापेक्षा चपळपणा लागतो, गोळ्या खाऊनही परतायची ताकद लागते. शिकाऊ विमानाची घट्ट हाडे इथे कामी आली. नवशिक्यांचे आदळणे सोसण्यासाठी जी मजबुती दिली होती, तीच जंगलातल्या पायदळाच्या उपयोगी पडली. खालून चालणाऱ्या सैनिकाला डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या त्या बुटक्या विमानाचा केवढा आधार वाटत असेल!

आणि दुसरे असे की, परदेशातून विमाने आलीच नसती तर? तर त्या देशाच्या हाती स्वतःचे काहीतरी होते. तो विमा होता. विमा वापरावा लागला नाही म्हणून हप्ते फुकट गेले असे आपण म्हणत नाही.

याच घराण्याची आणखी एक शाखा अमेरिकेत फुटली. मूळ कंपनीनेच आपल्या शिकाऊ विमानावरून एका आसनाचे लढाऊ विमान केले. पेरू देशाने १९३८ मध्ये अशी सात विमाने मागवली आणि १९४१ मध्ये इक्वेडोरशी झालेल्या युद्धात ती वापरली. तेव्हाच्या सयामने, म्हणजे आजच्या थायलंडने, सहा मागवली होती. अमेरिकन सरकारने १९४० मध्ये ती रोखून आपल्या ताब्यात घेतली, त्यांना पी-६४ हे नाव दिले, आणि वापरली कशासाठी? वैमानिकांच्या शिक्षणासाठी! शिकाऊ विमान लढाऊ झाले आणि पुन्हा शाळेत येऊन बसले.

वाळवंटातली याक

आता आजच्या काळाकडे येऊ. युद्धातली लढाऊ विमाने आज दुर्मीळ आहेत. त्यांची किंमत सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून शिकाऊ विमानावरून लढाऊ विमान करण्याची कला आता हौसेसाठी आणि शर्यतीसाठी वापरली जाते. याचे सर्वात चांगले उदाहरण सोव्हिएत याक विमानांचे.

दुसऱ्या महायुद्धातले याक-३ हे अतिशय हलके आणि चपळ लढाऊ विमान. अशी ४,८०० च्या वर बांधली गेली. सोव्हिएत बाजूने लढलेल्या ‘नॉर्मंडी-निमेन’ या फ्रेंच पथकाचे हे लाडके विमान. युद्धानंतर १९४५ च्या जूनमध्ये ते वैमानिक आपली याक-३ घेऊनच पॅरिसला परतले. पण पुढे ही विमाने भंगारात गेली, बोटांवर मोजण्याइतकी उरली.

याक-३ वरूनच सोव्हिएत संघाने युद्ध संपताच याक-११ हे दोन आसनांचे शिकाऊ विमान तयार केले. त्याचे इंजिन ७०० अश्वशक्तीचे. चेकोस्लोव्हाकियातही ती बांधली गेली, एकूण साडेचार हजारांच्या आसपास. म्हणजे इथे लढाऊ विमानाचे शिकाऊ विमान झाले होते. आता चाक उलटे फिरवायचे होते.

१९८० च्या दशकाच्या मध्याला फ्रान्समधले जुन्या विमानांचे जाणकार जाँ सालिस यांनी इजिप्तकडून चाळीसेक याक-११ विकत घेतली. इजिप्तच्या वायुदलाने ती केव्हाच निवृत्त केली होती. त्यांतली अनेक पुढे युरोप-अमेरिकेतल्या हौशी मंडळींकडे गेली. काहींनी ती मूळ रूपात उभी केली. काहींनी मात्र दुसरे कॉकपिट बुजवले, एकच आसन ठेवले आणि नाकात डग्लस डीसी-४ या प्रवासी विमानाचे साडेचौदाशे अश्वशक्तीचे इंजिन बसवले. सातशेच्या जागी साडेचौदाशे! खुद्द याकोव्हलेव्ह यांच्या संस्थेने १९४५ मध्ये गोल तोंडाच्या मोठ्या इंजिनाचे ‘याक-३यू’ नावाचे प्रायोगिक विमान केले होते. त्याच्याशी या बदललेल्या विमानांचे रूप जुळते, म्हणून यांनाही लोक याक-३यू म्हणतात. अमेरिकेत रिनो इथे १९६४ पासून २०२३ पर्यंत विमानांच्या प्रसिद्ध शर्यती भरत. तिथे याक-११ वरून केलेली विमाने वर्षानुवर्षे खऱ्या लढाऊ विमानांच्या तोडीने धावली. ‘चेक मेट’ या नावाच्या विमानात तर मूळच्या जवळजवळ तिप्पट ताकदीचे इंजिन बसवले होते.

हे करावे का?

या प्रकारावर जाणकारांत दोन तट आहेत. एक म्हणतो, हा इतिहासाशी खेळ आहे. याक-११ हेच एक ऐतिहासिक विमान आहे. त्याची मोडतोड करून भलत्याच विमानाचे सोंग कशाला? जुन्या वाड्याची तुळई काढून तिचा दिवाणखान्यातला सोफा करण्यासारखे हे. दुसरा तट म्हणतो, वाळवंटात पडलेल्या विमानाचे भंगारच होणार होते. निदान आकाशात तरी उडते आहे. लोक पाहतात, मुले विचारतात, हे कोणते विमान? तिथून इतिहास सुरू होतो.

दोन्ही म्हणणी खरी आहेत. फिटर म्हणून माझे उत्तर साधे आहे. कोणत्या विमानावर हात चालवायचा आणि कोणत्यावर नाही, हे आधी ठरवावे. ज्याची नोंदवही आहे, ज्याचे सगळे मूळ भाग जागेवर आहेत, त्याला हात लावू नये. ते जसे आहे तसेच पुढच्या पिढीला द्यावे. ज्याचा नुसता सांगाडा उरला आहे, त्यावर खुशाल प्रयोग करावा. पण तीन गोष्टी पाळाव्यात. काय काढले, काय बसवले, याची कागदोपत्री नोंद असावी. काढलेले भाग भंगारात न घालता जपून ठेवावेत, म्हणजे उद्या कोणाला विमान मूळ रूपात आणायचे असेल तर वाट बंद होणार नाही. आणि विमानापाशी लावलेल्या पाटीवर खरे नाव लिहावे. ‘हे झिरो आहे’ असे लिहू नये, ‘झिरोच्या रूपातले हार्वर्ड आहे’ असे लिहावे. नट राजाचे काम करतो म्हणून कोणी त्याला राजा समजत नाही, पण नाटकाच्या जाहिरातीत नटाचे नाव असते!

गंमत म्हणजे उलटा प्रवाहही आहे. एका आसनाच्या स्पिटफायर विमानांत दुसरे आसन बसवून ब्रिटनमध्ये आज लोकांना पैसे घेऊन फेरी मारून आणतात. युद्धानंतर मूळ कंपनीनेच शिक्षणासाठी अशी वीस दोन आसनी स्पिटफायर करून दिली होती. त्यांतली दहा भारताने घेतली होती.

कारखान्यालाही शाळा लागते

भारताचा उल्लेख आला आहे तर शेवटी आपल्याकडे पाहू. ज्या वेळी ऑस्ट्रेलियात विरावे बांधली जात होती, त्याच सुमारास सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. तारीख २३ डिसेंबर १९४०. तिथून १९४१ मध्ये जे पहिले विमान उडाले, ते हार्लो हे शिकाऊ विमान. त्यानंतर १९४२ मध्ये हॉक हे लढाऊ विमान. क्रम लक्षात घ्या, आधी शिकाऊ, मग लढाऊ. पण देश पारतंत्र्यात. सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि त्याला विमानांच्या दुरुस्तीचे काम लावले. दुरुस्तीतूनही हात तयार होतात, पण स्वतःचा आराखडा मांडायची संधी त्या वेळी गेली ती गेलीच.

ती संधी स्वातंत्र्यानंतर आली. भारतात आराखडा होऊन भारतातच बांधलेले एचटी-२ हे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. तेही शिकाऊच. त्याचे जनक डॉ. विष्णु माधव घाटगे, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गटिंगेन इथे प्रांटल यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेले. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली ‘किरण’ हे जेट शिकाऊ विमान झाले, ते १९६४ मध्ये उडाले. आणि या किरणचीच दुसरी आवृत्ती १९७६ मध्ये आली. तिच्यात जास्त ताकदीचे इंजिन होते, बंदुका होत्या आणि पंखांखाली शस्त्रे टांगायच्या जागाही वाढवल्या होत्या. म्हणजे आपल्याकडेही शिकाऊ विमानाला लढायला शिकवले गेले. फरक एवढाच की आपण मागची खुर्ची काढली नाही. किरणमध्ये शिकवणारा आणि शिकणारा शेजारी-शेजारी बसतात. तेच विमान शिकवायलाही चालले आणि गरज पडली तर हल्ल्यालाही.

शिकाऊ विमानाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. संग्रहालयात गर्दी असते ती मिगपाशी, नॅटपाशी. पिवळ्या रंगाचे जुने हार्वर्ड कोपऱ्यात असते. पण या विमानाने दोन पिढ्यांना शिकवले आहे. एक, त्यात बसून उडणाऱ्यांची, आणि दुसरी, कारखान्यात त्याचे पत्रे ठोकणाऱ्यांची. ऑस्ट्रेलियाला पाच महिन्यांत लढाऊ विमान करता आले, कारण त्याआधी दोन-तीन वर्षे तिथले कामगार शिकाऊ विमानावर हात बसवत होते. संकट आल्यावर कोणालाही एकदम लढाऊ विमान बांधता येत नाही. जे आधीपासून शिकत असतात, त्यांनाच ते जमते.

आपल्या वायुदलाने अलीकडच्या काळात एक हार्वर्ड पुन्हा उडत्या स्थितीत आणले, ते हार्वर्ड म्हणूनच. दोन खुर्च्यांसकट, पिवळ्या रंगासकट. कधी पाहायचा योग आला तर त्याच्या मागच्या खुर्चीकडे जरूर पाहा. तिथे बसणाऱ्याचे नाव कोणत्याही लढाईच्या वृत्तांतात नसते. पण लढणाऱ्या प्रत्येकाने उडायचे धडे त्याच्याकडूनच घेतलेले असतात.